पट कोणाच्या मालकीचा?

बुद्धिबळाचा पट आणि त्यावरच्या ३२ सोंगट्या यांवर आजवर कोणालाही मालकी सांगता आलेली नाही. घोड्याची अडीच घरांची चाल कोणाच्या पेटंटमध्ये अडकलेली नाही आणि दोन माणसे ओट्यावर पट मांडून बसली तर त्यांना कोणाची परवानगी मागावी लागत नाही. भारतातून हा खेळ इराणात, अरब जगात आणि तेथून युरोपात गेला, त्याला त्याचा हा मोकळेपणा मोठ्या प्रमाणावर कारण झाला. परंतु गेल्या तीन दशकांत पट ओट्यावरून उठून संगणकाच्या पडद्यावर गेला. नियम पूर्वीचेच राहिले. मात्र पट आता कोणाच्या तरी यंत्रात वसू लागला. त्या यंत्राचा जो मालक, तो ठरवील त्याला आत घेतो, प्रत्येक चालीची नोंद आपल्या वहीत ठेवतो, जाहिराती दाखवतो, वर्गणी मागतो आणि मनात आले की दार बंद करतो. खेळ सर्वांचा आणि पट मात्र एकाचा, अशी ही नवी व्यवस्था आहे.

खेळासारख्या गोष्टीत मालकीचा प्रश्न कशाला आणावा, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. ज्या देशात शेतमालाचा भाव आणि कामगारांची कपात हे प्रश्न रोज समोर उभे राहतात, तेथे पटावरच्या खेळांची चर्चा ही रिकामपणाची करमणूक वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि हजारो हातांनी मिळून उभारलेली वस्तू एकाच्या खिशात कशी जाते, आणि ती तशी जाऊ नये म्हणून काय करता येते, हे या क्षेत्रात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

जमीनदाराचा खेळ

जगभर खपणाऱ्या ‘मोनोपॉली’ या खेळाचा इतिहास येथे मुद्दाम आठवला पाहिजे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ, या नावाने पेटंट मिळवले. बाई हेन्री जॉर्ज यांच्या विचारांच्या अनुयायी होत्या. जमिनीचे भाडे खाणारा वर्ग समाजाला कसा नागवतो हे सामान्य माणसाला खेळता खेळता कळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे हा खेळ लोकांचा झाला. माणसे हाताने पट रंगवीत, आपल्या गावातील रस्त्यांची नावे त्यावर घालीत आणि एकमेकांना नियम शिकवीत. समाजवादी विचारवंत म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले स्कॉट नीअरिंग हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवीत असत.

या लोकपरंपरेतून तयार झालेला पट १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाकडून विकत घेतला आणि डॅरो हेच त्याचे जनक असे जगाला सांगितले. डॅरो श्रीमंत झाले. मॅगीबाईंचे पेटंट कंपनीने ५०० डॉलरांना घेतले. विक्रीतला वाटा त्यांना मिळाला नाही. जमीनदारीचा निषेध करण्यासाठी जन्मलेला खेळ जमीनदारीचा उत्सव बनून घराघरांत गेला. राल्फ अॅन्सपॅक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. त्यावर कंपनीने हरकत घेतली आणि अनेक वर्षे चाललेल्या त्या खटल्यात हा सारा पूर्वेतिहास उजेडात आला. आपल्या पचीसीवरून घेतलेल्या खेळाचे ‘पार्चिसी’ हे नाव तर १८७४ मध्येच अमेरिकेत एका कंपनीचे व्यापारचिन्ह होऊन बसले होते.

कुंपण कसे पडले

संगणकाच्या युगात याच नाटकाचा नवा प्रयोग झाला. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. मायकेल मूर आणि रिचर्ड नॅश हे त्याचे आरंभीचे कर्ते होत. पडद्यावर अक्षरांनी मांडलेला पट, विद्यापीठांच्या जाळ्यातून येणारे खेळाडू आणि फावल्या वेळात राबणारे स्वयंसेवक, असे त्याचे स्वरूप होते. कोणी चुका शोधून दुरुस्त केल्या, कोणी नवख्यांना मार्गदर्शन केले, कोणी खेळाडूंच्या संगणकांवर चालणाऱ्या चित्रमय आज्ञावल्या लिहिल्या. कोणी पैसे घेतले नाहीत आणि कोणाला ते मागावेसे वाटले नाही.

पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक डॅनियल स्लेटर यांच्याकडे या सर्व्हरची मुख्य सूत्रे आली. त्यांनी त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. विशेषतः दूरच्या खेळाडूला जाळ्याच्या संथपणाचा फटका बसू नये म्हणून वेळमोजणीची नवी पद्धत बसवली, हे मान्य करावेच लागेल. परंतु १९९४ मध्ये त्यांनी आज्ञावलीवर स्वामित्वहक्क नोंदवला आणि मार्च १९९५ मध्ये सर्व्हरचे रूपांतर ‘इंटरनेट चेस क्लब’ या व्यापारी संस्थेत केले. वर्षाला ४९ डॉलर वर्गणी लागू झाली. ज्यांनी हे गाव वसवले त्यांच्याकडूनच आता वेशीवर जकात घेतली जाणार होती. संतापलेल्या स्वयंसेवकांनी त्याच महिन्यात वेगळी चूल मांडली आणि विनामूल्य ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ उभा केला.

यंत्र चालवण्यास पैसा लागतो, हा व्यापारीकरणाच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नव्हता. प्रश्न निराळा होता. ज्यांच्या श्रमातून ही वस्तू वाढली त्यांना तिच्या भवितव्याविषयी शब्द का नव्हता? कारण सद्भावनेच्या भरात श्रम देताना त्या श्रमांच्या फळाविषयी करार करण्याचे कोणाला सुचले नव्हते. इंग्लंडमध्ये गावकीच्या गायरानांना कुंपणे पडली तेव्हाही वहिवाट होती, कागद नव्हता. सद्भावना कितीही थोर असली तरी कायद्याच्या दारात ती निःशस्त्र उभी राहते.

परवान्याचे हत्यार

ते शस्त्र तोपर्यंत घडवले गेले होते, ही यातली विलक्षण गोष्ट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला. त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कर्ता आपला स्वामित्वहक्क सोडून देत नाही. तो त्याच हक्काच्या बळावर अट घालतो. ही आज्ञावली कोणीही चालवावी, तिची मूळ संहिता वाचावी, बदलावी, वाटावी, विकावीसुद्धा. परंतु जो ती पुढे देईल त्याने आपल्या बदलांसह संहिता खुली केली पाहिजे आणि घेणाऱ्याला हेच अधिकार दिले पाहिजेत. खाजगी मालकीच्या कायद्याचे हत्यार येथे सामायिक मालकीच्या रक्षणासाठी वापरलेले आहे.

या अटीत एक पळवाट होती. आज्ञावली कोणाच्या हाती न देता आपल्याच सर्व्हरवर ठेवून लोकांना दुरून वापरू दिली, तर ‘पुढे देणे’ घडतच नाही. ऑनलाइन खेळांचा सारा व्यवहार याच प्रकारचा असतो. २००७ मध्ये आलेल्या ‘अफेरो’ परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने ती पळवाट बुजवली. सुधारलेली आज्ञावली सर्व्हरवर चालवणाऱ्यानेही ती वापरणाऱ्यांना संहिता उपलब्ध करून दिली पाहिजे, असे बंधन तिने घातले.

फुकट आणि मुक्त या दोन शब्दांतला भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे. फुकट मिळणारी वस्तू मालक उद्या विकत देऊ शकतो. मुक्त वस्तूच्या बाबतीत चालकाची बुद्धी फिरली तरी लोक संहितेची प्रत घेऊन दुसरीकडे पट मांडू शकतात.

लीचेसचा संसार

‘लीचेस’ हे या मार्गाने उभे राहिलेले सर्वांत यशस्वी उदाहरण होय. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २०१० मध्ये सुरू केले. आज ते फ्रान्सच्या १९०१ च्या संस्था कायद्याखाली नोंदलेल्या, नफा न कमावणाऱ्या संघटनेकडून चालवले जाते आणि त्याची संहिता अफेरो परवान्याखाली खुली आहे. तेथे जाहिरात नाही. पैसे भरणाऱ्यासाठी वेगळी दालने नाहीत. देणगीदाराच्या नावापुढे एक लहानसे चिन्ह लागते, एवढाच त्याचा मान. नागपूरच्या शाळकरी मुलीला आणि पॅरिसच्या धनिकाला तेथे एकच पट, एकच विश्लेषण, एकच सरावाचे धडे मिळतात. यंत्रांवर आणि माणसांवर किती खर्च होतो याचा तक्ता कोणालाही पाहता येतो.

तेथील श्रमविभागणीही पाहण्यासारखी आहे. डावांचे संगणकीय विश्लेषण हे महागडे काम. त्यासाठी जगभरचे लोक आपल्या रिकाम्या संगणकांची शक्ती लीचेसला वापरू देतात. पडद्यावरील मजकूर स्वयंसेवकांनी शंभराहून अधिक भाषांत नेला असून मराठी त्यांत आहे. २०१३ पासून तेथे खेळले गेलेले मानांकित डाव, जे आता अब्जावधींच्या घरात आहेत, ते कोणत्याही अटीविना सर्वांना उतरवून घेता येतात. व्यापारी कंपनी ज्या माहितीला आपली तिजोरी मानते ती येथे चावडीवर ठेवलेली आहे.

याच काळात बाजारात काय चालले होते? ‘चेस डॉट कॉम’ या खाजगी कंपनीने २०२२ मध्ये ‘प्ले मॅग्नस’ हा प्रतिस्पर्धी उद्योगसमूह विकत घेतला. त्या समूहाने स्वतः त्यापूर्वी ‘चेसेबल’ ही शिकवणीची संस्था आणि ‘न्यू इन चेस’ हे प्रतिष्ठित नियतकालिक गिळलेले होते. त्याच समूहातील ‘चेस२४’ हे लोकप्रिय ठिकाण २०२४ च्या आरंभी बंद करण्यात आले. इतर पटखेळांची कथा याहून बोलकी आहे. ‘बोर्ड गेम अरेना’ या फ्रेंच संकेतस्थळावरील अनेक खेळ स्वयंसेवक प्रोग्रॅमरांनी लिहिलेले आहेत. ते संकेतस्थळ २०२१ मध्ये ‘अॅस्मोडी’ या बड्या खेळ-कंपनीने घेतले. लगोलग अॅस्मोडीलाच ‘एम्ब्रेसर’ या स्वीडिश समूहाने २७५ कोटी युरोंना घेतले. पुढे एम्ब्रेसर कर्जात रुतला, तेव्हा २०२४ मध्ये ९० कोटी युरोंचे कर्ज अॅस्मोडीच्या डोक्यावर चढवून तिला वेगळे काढण्याचा निर्णय झाला. हौसेने रात्री जागून एखादा खेळ लिहिणाऱ्याला आपले श्रम कोणाच्या कर्जाची हमी होणार आहेत याची कल्पनाही नसते.

म्युनिकचा खटला

परवाना हा कागदी वाघ आहे काय, या शंकेला उत्तर मिळाले ते स्टॉकफिशच्या प्रकरणात. स्टॉकफिश ही आज जगातील सर्वांत बलवान समजली जाणारी बुद्धिबळाची आज्ञावली. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांनी आपल्या ‘ग्लाउरुंग’ या आज्ञावलीची संहिता सार्वजनिक परवान्याखाली खुली केली होती. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी तिच्यावरून स्टॉकफिश तयार केली. नॉर्वेत धरलेला आणि इटलीत शिजवलेला सुका मासा म्हणून हे नाव! पुढे शेकडो लोकांचे हात तिला लागले. २०१३ पासून प्रत्येक प्रस्तावित सुधारणेची कसोटी स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून घेतली जाते. शोगी या जपानी पटखेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली मज्जाजालाची कल्पना २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये आली. एका देशाच्या खेळातील ज्ञान दुसऱ्या खेळात असे सहज मिसळले, कारण मध्ये कोणाचा जकातनाका नव्हता.

२०२१ मध्ये जर्मनीतील ‘चेसबेस’ या जुन्या व प्रतिष्ठित कंपनीने शंभर युरोंच्या आसपास किंमत लावून ‘फॅट फ्रिट्झ २’ बाजारात आणली. तिचा गाभा स्टॉकफिशचा होता. कंपनीने ग्राहकांना ही गोष्ट नीट सांगितली नाही आणि परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, असा आरोप करून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. स्टॉकफिशची संहिता असलेली उत्पादने वर्षभर विकायची नाहीत आणि मुक्त परवान्यांच्या पालनावर देखरेखीसाठी जबाबदार व्यक्ती नेमायची, हे कंपनीला मान्य करावे लागले. ज्यांच्याकडे कारखाना नाही, भांडवल नाही, अशा विखुरलेल्या स्वयंसेवकांनी एका प्रस्थापित कंपनीला नमवले ते भावनिक आवाहनाने नव्हे. हातात लेखी करार होता म्हणून.

याउलट, करार लिहिणारा मालकच असेल तर काय होते तेही दिसून आले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांसाठी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने २००० साली एक खुला परवाना दिला होता आणि त्याच्या विश्वासावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले होते. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना गुंडाळण्याचा घाट कंपनीने घातला. खेळाडूंमध्ये असा प्रक्षोभ उसळला की त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा गाभा मागे घेता न येणाऱ्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली ठेवला. ही कंपनी हॅस्ब्रो समूहाची, आणि मॅगीबाईंच्या खेळातून निघालेली मोनोपॉलीही आज त्याच हॅस्ब्रोच्या मालकीची आहे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

भाबडेपणा नको

एवढ्यावरून मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समाजवादाचे बीज, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. लीचेसची संहिता सामायिक असली तरी ज्या यंत्रांवर ती चालते ती भाड्याने घेतलेली आहेत. संस्था देणग्यांवर जगते आणि देणगीचा ओघ आटू शकतो. फावला वेळ देऊ शकणारा प्रोग्रॅमर हा बहुधा सुस्थितीतला माणूस असतो. ज्याला दोन नोकऱ्या कराव्या लागतात त्याला असे दान परवडत नाही. शिवाय मुक्त संहितेचा लाभ भांडवलालाही मिळतो. चेस डॉट कॉमवरील विश्लेषणही स्टॉकफिशच्याच बळावर चालते आणि परवाना पाळून ते पूर्णतः कायदेशीर आहे. बिनपगारी श्रमांतून नफ्याला कच्चा माल मिळतो, ही टीका दृष्टीआड करता येणार नाही.

कागदावरचा हक्क माणसांनी जागता ठेवला नाही तर त्याचे काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची गरज नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना ही शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीची मोठी घोषणा होती. पुढे अनेक कारखान्यांत उपविधी तेच राहिले, सभासदांच्या यादीत नावेही राहिली; पण सत्ता मूठभर घराण्यांकडे गेली आणि कर्जात बुडालेले कित्येक कारखाने अखेर खाजगी हातांत पडले. मुक्त परवाना हा सहकारी संस्थेच्या उपविधीसारखा आहे. तो नसेल तर लढण्यास पायाच नाही. परंतु तो असला म्हणजे लढाई संपली असेही नाही. एक फरक मात्र आशादायक आहे. कारखाना गेला की ऊस घालण्यास दुसरा कारखाना सभासदांना सहजी उभारता येत नाही. संहितेची प्रत घेऊन नवी चूल मांडणे कष्टाचे असले तरी शक्य असते. हा शक्यतेचा धाक चालकांना ताळ्यावर ठेवतो.

काय करता येईल

या विषयाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कर्जबाजारी झालेल्या तरुणांची कुटुंबे पाहिलेला कोणीही त्या बंदीविषयी अश्रू ढाळणार नाही. पण बंदीने मालकीचा प्रश्न सुटत नाही. पडद्यावर फासा पडतो तो खरोखर यदृच्छेने पडतो की मालकाच्या सोयीने, हे बंद संहितेच्या खेळात खेळणाऱ्याला तपासता येत नाही. कवड्या हातात घेऊन पाहता येत होत्या. बंद आज्ञावली तशी पाहता येत नाही. सार्वजनिक विश्वासासाठी संहिता उघडी हवी, ही मागणी फाशापुरती नाही. परीक्षेचे गुण, शिधापत्रिकेची पडताळणी, पीकविम्याचा हिशेब करणाऱ्या आज्ञावल्यांनाही ती तितकीच लागू आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या संहितेच्या वापराचे धोरण जाहीर केले होते. ते कोठे पाळले गेले आणि कोठे कपाटात राहिले, याचा जाब विधिमंडळात आणि जिल्हा परिषदांत विचारता येईल. केरळने सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे करून दाखवले आहे. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येण्यासारखी कामेही आहेत. गावोगावच्या वाचनालयांत आणि वस्तीतील अभ्यासिकांत बुद्धिबळाचे वर्ग चालतात. तेथे मुलांना वर्गणीच्या दारात उभे करण्याऐवजी मुक्त पट दाखवावा आणि तो मुक्त का आहे हेही सांगावे. मराठी भाषांतरे अपुरी असतील तेथे ती पुरी करावीत. ज्यांना संहिता लिहिता येते त्यांनी लिहावी, पण ती परवाना वाचूनच. श्रमदान करण्यापूर्वी त्या श्रमाचे फळ कोणाच्या नावावर चढणार आहे हे विचारण्याची सवय संगणकाच्या पिढीला लावणे हे प्रबोधनाचे काम आहे, आणि चळवळीने ते आपले मानले पाहिजे. मॅगीबाईंना आणि १९९२ च्या त्या स्वयंसेवकांना हा प्रश्न वेळेवर विचारता आला नाही. आज तो विचारण्याची साधने कोणालाही उपलब्ध आहेत.